माझ्या मुठीची डावी फळी

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका. माझ्यात गोळी नाही आणि माझी नळी भिंतीकडे आहे. स्वित्झर्लंडमधल्या एमेंटालच्या खोऱ्यात, लांगनाऊ गावी हान्सपेटर झबिंडन यांच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरून तिसऱ्या खणात, हिरव्या बनातीवर, मी उजव्या कुशीवर निजून असतो. वय शंभरीच्या पुढे गेलं आहे. तब्येत उत्तम.

माझा जन्म बर्लिनच्या कारखान्यातला, पण मागणी स्विस सैन्याची. म्हणून माझ्या कपाळावर किरणांच्या मधोमध स्विस क्रूस कोरलेला आहे. मोठ्या तुकड्यांवर निळसर काळी झिलई आणि बारीक तुकड्यांवर गव्हाच्या काडीचा पिवळा रंग. मुठीला दोन्ही बाजूंनी अक्रोडाच्या फळ्या. नंबर तीन हजार एकशे सात. हा नंबर माझ्या अंगावर जागोजागी आहे. फळ्यांच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही, तिथेही.

सैन्यात आलो तेव्हा आमचं फारसं स्वागत झालं नाही. जुन्या अधिकाऱ्यांच्या कमरेला जाडजूड रिव्हॉल्व्हर असायची. गोळी सुटल्यावर माझी पाठ गुडघ्यासारखी दुमडते, ते बघून एक पिकल्या मिशांचे कर्नल म्हणाले होते, "हे पिस्तूल आहे की शिवणयंत्र?"

मला मात्र माझा अधिकारी पहिल्या दिवसापासून आवडला. गोटलीब रुफेनाख्ट, लांगनाऊचा. घरचा चीजचा व्यापार. हात मोठे आणि थंड, चीजच्या तळघरात वावरणाऱ्या माणसाचे असतात तसे. त्यानं मला हातात घेतलं, वजन जोखलं आणि एवढंच म्हणाला, "ठीक." एमेंटालच्या माणसाकडून याहून मोठं कौतुक होत नाही.

त्याच दिवशी, त्याच टेबलावरून, तीन हजार एकशे बेचाळीस नंबरचं पिस्तूल आर्नोल्ड हुल्लिगरला मिळालं. आर्नोल्ड एग्गिविलचा, लाकडाच्या वखारवाल्याचा थोरला मुलगा. गोटलीब जेवढा घुमा तेवढा हा बोलका. दोघांची जोडी जमली ती जमलीच. रविवारी नेमबाजीच्या मैदानावर आम्ही चौघं एकत्र असायचो. दोन माणसं, दोन पिस्तुलं. हरेल त्यानं दुसऱ्याला सफरचंदाची दारू पाजायची. बहुधा आर्नोल्ड हरायचा आणि दारू पिताना सगळा दोष वाऱ्याला द्यायचा.

मग चौदा साल आलं. शेजारचे देश एकमेकांवर तुटून पडले आणि आमच्या लोकांना सरहद्दीवर पहाऱ्याला उभं केलं. ज्युराच्या डोंगरात पाऊस, चिखल, धुकं आणि वाट बघणं. लढाई पलीकडे चालली होती. आम्हाला फक्त तोफांचा गडगडाट ऐकू यायचा.

पंधरा सालच्या हिवाळ्यात सलग सहा दिवस पाऊस लागला. खोळीचं कातडं भिजून लिबलिबीत झालं, लाकडात पाणी मुरलं. रविवारी दुपारी एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात दोघांनी आम्हाला टेबलावर घेतलं. फळ्यांचे स्क्रू काढले आणि चारही फळ्या शेगडीच्या कठड्यावर वाळत ठेवल्या. शेतकऱ्याच्या बायकोनं बटाट्याची रोष्टी वाढली, गप्पा रंगल्या. मग फळ्या परत बसवताना अदलाबदल झाली. माझ्या डाव्या कुशीला बेचाळीसची फळी आली आणि माझी तिकडे गेली.

शेवटचा स्क्रू पिळताना गोटलीबच्या लक्षात आलं.

"आर्नोल्ड, ही तुझी आहे बहुतेक. जरा घट्ट बसतेय."

"बसली ना? मग राहू दे रे! लाकूड अक्रोडाचंच आहे. बायको थोडीच बदललीय?"

"तपासणीत कळलं तर?"

"कळू दे. वखारवाल्याच्या पोराला लाकूड ओळखता येत नाही म्हणून मलाच शिव्या बसतील. सगळं संपलं की एग्गिविलला ये. आईच्या हातची गोड कुरकुरीत मेरिंग खाऊ, वर वाटीभर साय, आणि मग निवांत बदलू."

सगळं संपायला आणखी तीन वर्षं लागली, आणि त्या शेवटच्या शरदात सैन्यात तापाची साथ शिरली. शाळांचे दवाखाने झाले. बाकं अंगणात आणि वर्गात गवताच्या गाद्या. गोटलीब झोलोथर्नच्या एका शाळेत अकरा दिवस तापानं बरळत पडला होता. मी त्याच्या उशाशी खुंटीला टांगलेला. आर्नोल्ड बीलच्या शाळेत होता. नवव्या दिवशी एक शिपाई यादी वाचत वर्गातून गेला. त्यात आर्नोल्डचं नाव होतं. माती होऊन आठवडा उलटला होता.

 गोटलीबनं भिंतीकडे तोंड केलं.

तो घरी परतला तेव्हा डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि अंगावरचा कोट दुसऱ्याचा वाटत होता. आर्नोल्डच्या आईनं बाजारात चारचौघांत म्हटलेलं त्याच्या कानावर आलं. "माझ्या पोराच्या मातीला यायला ज्याला जमलं नाही, त्यानं आता एग्गिविलला तोंड दाखवू नये." एक फेरी मारून खरं काय ते सांगितलं असतं तर गैरसमज तिथेच मिटला असता. पण गोटलीब गेला नाही. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. आमच्यात गोळी अडकली तर लगेच उघडून बघतात. स्वतःच्या घशात शब्द अडकला तर आयुष्यभर तसाच ठेवतात.

त्यानं नेमबाजी सोडली. मला तेल लावून फडक्यात गुंडाळलं आणि चादरींच्या कपाटात ठेवलं. तिथे मी सहासष्ट वर्षं राहिलो. तक्रार नाही. कोरडी, अंधारी, स्वच्छ जागा होती, वाळवलेल्या लव्हेंडरचा वास होता. गोटलीब गेल्यावर कपाट त्याच्या मुलीकडे आलं.

लीना रुफेनाख्ट म्हणजे गावाच्या बाई. चाळीस वर्षं लांगनाऊच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि अर्ध्या गावाला म्हातारपणीही शुद्धलेखनावरून बोलायच्या. एकदा त्या पिवळ्या टपाल-बसमध्ये चालकाच्या मागच्या बाकावर बसल्या. चालक होते झबिंडन, त्यांचेच जुने विद्यार्थी, तेव्हा चौपन्न वर्षांचे. सैन्यातली जुनी पिस्तुलं गोळा करायचा त्यांना नाद. तीही कारखान्यातून निघाली तशी, कोणी घासलेली, रंगवलेली, सुधारलेली नकोत.

"हान्सपेटर," बाई मागून म्हणाल्या, "तू जुनी पिस्तुलं जमवतोस म्हणे. बाबांचं एक पडलंय चादरींमध्ये. नंबर चार आकडी आहे. गुरुवारी सव्वातीनला ये."

झबिंडननी ही गोष्ट नंतर शंभरदा सांगितली आहे. त्या दिवशी बस थांब्याच्या पुढे वीस पावलं गेली आणि एक शेतकरी खिडकीवर छत्री आपटत मागे धावला.

गुरुवार उजाडला. पाहुणा येणार म्हणजे घरातलं सगळं लखलखीत हवं, ही बाईंची शिस्त. जेवणानंतर त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मला त्यावर ठेवलं आणि पितळी भांडी घासायच्या लेपाचा डबा उघडला. चिंधीवर भरपूर लेप घेतला. मी सरहद्दीवर चार वर्षं काढली, पण घाबरलो तो त्या दिवशी. ऐंशी वर्षं टिकलेली झिलई त्या लेपानं पाच मिनिटांत जाते. मला ओरडता येत नाही.

चिंधी माझ्या नळीपासून वीतभर होती तेव्हा दार वाजलं. तीन वाजले होते. झबिंडनना घरी धीर धरवला नव्हता.

"सव्वातीन सांगितलं होतं," बाई दारातच म्हणाल्या. चिंधी हातातच.

झबिंडननी चिंधी बघितली, टेबल बघितलं आणि त्यांचा आवाज फुटला. "बाई, ते खाली ठेवा!"

"आवाज चढवू नकोस."

"नाही चढवत. पण ती चिंधी आधी खाली ठेवा. तुमच्या पाया पडतो."

"इतिहासात काठावर पास व्हायचास तू. आता मला शिकवणार?"

"बाई, ही झिलई गेली की गेली. नवी चढवता येते, पण मग ते तुमच्या बाबांचं पिस्तूल राहत नाही."

"म्हणजे मळ तसाच ठेवायचा? हे बघ, इथे टोकाशी रंग उडालाय. किती वाईट दिसतं."

झबिंडननी खिशातून सुती हातमोजे काढून घातले आणि मला अलगद उचललं. "तो मळ नाही, बाई. चालताना खोळीत घासून घासून तेवढीच जागा उजळते. ती तुमच्या बाबांची चाल आहे."

बाई खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

झबिंडननी मला सुटं केलं. एकेक तुकडा उचलावा, भिंगातून आकडा वाचावा आणि नुसतं "हं" म्हणावं. प्रत्येक "हं" आधीच्यापेक्षा आनंदी. उजवी फळी काढली. तीन हजार एकशे सात. मग डावी काढली आणि "हं" आलाच नाही.

"काय रे, पेपर कोरा दिल्यासारखा चेहरा का?"

"ही फळी याची नाही, बाई. तीन हजार एकशे बेचाळीस. बाकी सगळं एका नंबरचं. असं पिस्तूल मी तीस वर्षांत पाहिलं नाही. नेमकी एक फळी..." त्यांनी फळी उजेडाकडे धरली. "बाबांबरोबर कोण अधिकारी होते, काही आठवतं?"

 बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आर्नोल्ड हुल्लिगर. एग्गिविलचे. पण त्या घरी आमच्याकडचं कोणी जात नाही." आणि वडिलांनी कधी धड न सांगितलेली, आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलेली हकिकत त्यांनी सांगितली. शेवटी म्हणाल्या, "पिस्तूल तू ने. पण आधी त्या फळीचा छडा लाव. अर्धवट वही मी कधी तपासून दिली नाही."

एग्गिविलची बस झबिंडन रोज चालवायचे. हुल्लिगरांच्या वखारीसमोरच थांबा. आता वखार चालवत होते कोनराड हुल्लिगर, आर्नोल्डचे पुतणे, बहात्तर वर्षांचे. भुवया झाडूसारख्या. सुट्टीच्या दिवशी झबिंडन मला पिशवीत घेऊन तिथे गेले. काकांचं पिस्तूल कोनराडकडे होतं. हातमोजे, भिंग आणि झबिंडनचं गोड बोलणं यांनी कोनराड भुलले आणि पिस्तूल टेबलावर आलं.

सहासष्ट वर्षांनी मी त्याला बघितलं. थोडं डागाळलं होतं, पण तेच. आणि त्याच्या डाव्या कुशीला माझी फळी.

झबिंडननी ती काढून आकडा दाखवला. कोनराडनी विचारलं, "मग ते दुसरं पिस्तूल कोणाचं?"

खोटं बोलायचं झबिंडनच्या मनात आलं असावं. त्यांचा हात माझ्यावर होता आणि तो घामेजला. पण ते म्हणाले, "गोटलीब रुफेनाख्टचं."

कोनराड उठून उभे राहिले. "रुफेनाख्टचं लाकूड माझ्या घरात? इतकी वर्षं? आजी मरेपर्यंत त्या माणसाचं नाव घेत नव्हती. काढ ते. घेऊन जा. आमचं आम्हाला दे, आत्ताच्या आत्ता!"

वाचकहो, झबिंडनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर चारही फळ्या, आणि मालक स्वतःच सांगतोय बदल म्हणून. दोन मिनिटांचं काम. नखशिखांत एका नंबरचं, सैन्यातलं, न घासलेलं पिस्तूल. असं स्वप्न गोळा करणारे लोक म्हातारपणापर्यंत बघतात आणि बघता बघता मरतात. झबिंडननी स्क्रू ड्रायव्हर उचलला. फळीजवळ नेला. मग खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "ते अजून माझं नाही. आधी बाईंना विचारतो."

"कोण बाई?"

"त्यांची मुलगी."

"तिला सांग, हुल्लिगरांचं दार अजून तिथेच आहे, आणि अजून बंदच आहे!"

झबिंडननी हा निरोप शब्दशः पोचवला. बाईंनी ऐकला, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुवारच्या दीडच्या बसमध्ये जागा ठेव."

त्या गुरुवारी बदली चालक देऊन झबिंडन प्रवासी म्हणून बाईंशेजारी बसले. मी पिशवीत. बाईंच्या मांडीवर केकचा डबा. कोनराडनी दार उघडलं ते फळकुटाएवढंच.

"मी लीना. गोटलीबची मुलगी. आत बोलावू नकोस, इथूनच सांगते. तुझे काका बीलला वारले तेव्हा माझे बाबा झोलोथर्नच्या शाळेत तापात होते. त्यांना आठवड्यानं कळलं. मी नऊ वर्षांची होते. ते घरी आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही, दार लावून घेतलं."

कोनराडनी दार तसंच धरून ठेवलं. "मग नंतर का आले नाहीत? बरे झाल्यावर?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"वाचल्याची. आपण वाचलो आणि आर्नोल्ड गेला, हे त्याच्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? आम्हालाही त्यांनी कधी सांगितलं नाही. चूक होती ती. मोठी चूक. मी त्यांच्या वतीनं सांगायला आले. पासष्ट वर्षं उशीर झालाय, ते कळतंय मला."

दार हळूहळू पूर्ण उघडलं. कोनराड म्हणाले, "आजी ओट्यावर बसून वाट बघायची. पुढची दोन वर्षं. त्याला शिव्या द्यायच्या म्हणून नाही. आर्नोल्ड शेवटी शेवटी कसा होता, काय बोलायचा, ते त्यालाच ठाऊक, म्हणून." त्यांनी नाक पुसलं. "आता दारात काय उभ्या राहिलात? केक गार होतोय."

"केक गारच असतो," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

कॉफी झाली. मग आम्हा दोघांना टेबलावर घेतलं. झबिंडननी चारही फळ्या ओळीनं मांडल्या आणि भिंग लावून एक गोष्ट दाखवली. एवढ्या वर्षांत लाकूड सुकलं होतं, आकसलं होतं, आणि ज्या पोलादावर बसलं होतं त्याचाच आकार घेतला होता. बेचाळीसची फळी माझ्या कुशीत नेमकी बसत होती. माझी स्वतःची लावून बघितली तर केसाएवढी फट.

"तरी घट्ट करता येईल," झबिंडन म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "नंबर सगळे जुळतील. तुम्ही दोघं म्हणाल तसं."

कोनराडनी फळीवर अंगठा फिरवला. "ही तुमच्या बाबांच्या हातानं गुळगुळीत झालीय. लाकूड आमच्या काकांचं, हात तुमच्या बाबांचा. आता ती कोणाची म्हणायची?"

"हान्सपेटर," बाई म्हणाल्या, "वहीत चूक झाली तर मी काय करायला सांगायचे?"

"खोडायचं नाही," झबिंडन लगेच म्हणाले. चौपन्न वर्षांचा माणूस खुर्चीत सरळ बसला. "समासात लिहायचं."

"मग लिही की."

त्यांनी आपली नोंदवही काढली आणि लिहिलं: डावी फळी क्र. ३१४२, सैन्यसेवेत असताना आलेली. तशीच ठेवली आहे. बाईंनी वाचून 'सैन्यसेवेत'मधली मात्रा दुरुस्त केली. स्क्रू परत बसले.

ती अदलाबदल रोष्टी खाता खाता झाली होती आणि आर्नोल्ड त्यावर हसला होता, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोन पिस्तुलांना ठाऊक होतं. सांगता आलं असतं तर कोनराडच्या आजीला सांगितलं असतं.

त्यानंतर बाई नव्वदीच्या पुढे जगल्या आणि जवळजवळ दर गुरुवारी एग्गिविलची बस धरायच्या. कोनराड दाराशी उभे राहून उशीर झाला म्हणून बसला शिव्या द्यायचे. गावानं नाही नाही त्या गोष्टी जोडल्या. बाईंनी त्या ऐकल्या आणि एकही दुरुस्त केली नाही. आता दोघंही नाहीत. कोनराडनी जाताना बेचाळीस नंबर झबिंडनकडे दिला. तो माझ्याच बनातीवर असतो, हातभर अंतरावर.

झबिंडनही आता ऐंशीला टेकलेत. शरदात एकदा हातमोजे घालून ते आम्हाला काढतात, तेलाचा एक थेंब देतात आणि परत ठेवतात. संग्राहकांच्या मेळाव्यात आम्हाला शेजारी शेजारी मांडतात. जाणकार येतात, भिंग लावतात आणि चुकचुकतात. "झबिंडनसाहेब, नवं करून घ्या ना! फळ्या बदला, चमक आणा. दुप्पट देखणी दिसतील." झबिंडन हसून म्हणतात, "देखणी दुकानात मिळतात."

तुमच्याही घरात आजोबांचं काही पडलं असेल. घड्याळ असेल, चष्मा असेल, भाकरीचा तवा असेल. घासायला घेण्याआधी जरा थांबा. कोणीतरी जाणतं माणूस शोधा आणि विचारा. लवकर विचारा, कारण जाणती माणसं आमच्याइतकी टिकत नाहीत. माझं मागणं एवढंच आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. मेळाव्यात नवे लोक आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. परवाही एक तरुण जोडपं आलं होतं. मुलीनं वाकून मला न्याहाळलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "यानं किती माणसं मारली?"

"एकही नाही," झबिंडन म्हणाले. "पुठ्ठ्याची वर्तुळं तेवढी."

"एकही नाही?" तिचा चेहरा पडला. "आणि ते शेजारचं?"

"त्यानं तर वर्तुळंही चुकवली."

ती हिरमुसून पुढच्या टेबलाकडे गेली. झबिंडन माझ्याकडे बघत बसले, नातवाचं प्रगतिपुस्तक हातात आल्यासारखे.